पाणी न विचारणारा जावई

जावई व्हायचा होता तो आमचा, पण माझं मन काय त्याच्यावर बसेना.

ऋतिका माझी एकुलती एक. पोलादपूरकडच्या उमरठच्या साहिलला तिला द्यायची ठरली ती एकाच बोलीवर: लगीन झाल्यावर दोघांनी महाडला राहायचं. आमचं गाव तुडील. सकाळी एसटीत बसलं की जेवायच्या आत पोरीच्या दारात! त्या एका गोष्टीवर मी मान हलवली. साहिल मुंबईला कामाला, म्हणाला इकडच्या एमआयडीसीत नोकरी बघतो, खोलीपण बघू. आमचे हे, भागोजी, एकदम खूश. मी म्हटलं, खोली बघायला मी येणार.

आता महाडची रीत सांगते. पाहुणा आला की चवदार तळं कुठं, रायगड किती लांब, हे विचारतो. राहायला आलेला माणूस उंबऱ्यावर चप्पल काढायच्या आधी विचारतो, "पाणी कुठवर येतं?" सावित्री नदी पावसात घरात शिरते, त्याला कोण काय करणार? मग मालक भिंतीवर हात ठेवून दाखवतो, एवढं. विचारल्याशिवाय सांगायचं नाय, विचारल्यावर खोटं बोलायचं नाय. भाडंपण त्या हातावरच ठरतं.

पहिल्या खोलीत साहिलनं काय विचारलं ठाऊक हाय? मटण थाळी चांगली कुठं मिळते! दुसऱ्या खोलीत खिडकीतून फोटो काढले. पाण्याचं नाव नाय. मी मनात म्हटलं, ह्याला राहायचंच नाय इथं, हा आम्हाला झुलवतोय.

सोबत आलेल्या ह्यांच्या कानात सांगितलं तर म्हणाले, "डोंगरातलं पोर ते, त्याला काय पुराचं कळतं?"

"वा! पोलादपूरच्या डोंगरातनंच येतंय ना पाणी? गप बसा तुम्ही."

मग मी त्याला मुद्दाम नदीकाठच्या गल्लीत नेलं, ओळखीच्या प्रयागबाईंच्या तळमजल्यावर. एकवीस सालच्या पुरात त्या खोलीत पाणी माझ्या उंचीच्याही वर चढलेलं, डाग अजून भिंतीवर हाय. प्रयागबाई त्या भिंतीपाशी उभ्या. विचारील कधी म्हणून वाट बघतायत बिचाऱ्या. साहिलनं पंखा लावून बघितला.

"मस्त हाय, मावशी. हवा छान येते. हीच घेऊ."

प्रयागबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मेल्याला कळत नव्हतं असं नाय, त्याला गरजच नव्हती. ज्या खोलीत राहायचंच नाय तिची कोण चौकशी करतो?

घरी आले ती तणतणतच. ऋतिका सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"मोडते मी ही सोयरीक! लबाड हाय तो. लगीन लागलं की तुला घेऊन पळणार मुंबईला. आईच्या तोंडावर खोटं बोलतो मेला, हसत हसत!"

तिनं सूप खाली ठेवलं. वर बघेना.

"त्याला शिव्या नको देऊ गो आई."

"का नको? खोटारडा नाय तो?"

"त्याला मीच सांगितलं तसं बोलायला. तो खरंच महाडला यायला तयार होता. मलाच नको हाय. डोंबिवलीत जागा बघितलीय आम्ही. तू रडशील, लगीन मोडशील, म्हणून म्हटलं, आधी होऊन जाऊ दे."

सगळा संशय मी त्या परक्या पोरावर घेत बसले, आणि पोटच्या पोरीचं तोंड एकदा नीट बघितलं नाय.

"इथं काय वाईट हाय गो?"

"वाईट काय नाय. पण माझं मन नाय इथं. कधीपासनं नाय."

किती सहज बोलली ती! रागानं बोलली असती तर मी भांडले असते. मी तिथंच जमिनीवर बसले आणि खूप रडले. ती जवळ आली, पण हात लावायला घाबरत होती. मीच ओढून घेतली तिला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहिल. मी पदरानं नाक पुसलं आणि फोन माझ्याकडं घेतला.

"मी बोलतेय, ऋतिकाची आई. प्रयागबाईंना नाय म्हणून कळवा."

"का हो मावशी? आवडली मला ती खोली."

"पुरे झालं आता. डोंबिवलीची जागा कधी दाखवताय ते सांगा."