एका दाताचा फरक

शेवटचा बोल्ट सुटला तसं तिने मोटरसायकलच्या हेडचं झाकण उचललं आणि चिंधीवर उलटं ठेवलं. आत खालच्या-वरच्या दातेरी चाकांना जोडणारी टायमिंग चेन तेलात न्हाऊन चमकत होती.

"चेन तर नवीच दिसते," सुतारकाका वाकून म्हणाले.

"बाबांनीच घातली. इंजिन पूर्ण उतरवलं होतं ना तेव्हा."

"ते मला सांगतेस? मी इथेच बसून त्याचं डोकं खात होतो."

ते हसले, आणि हसल्याची लाज वाटल्यासारखे खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसत राहिले.

वस्तादांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, बांधलेलं हे शेवटचं इंजिन. गाडी सुतारकाकांच्या हाती दिली आणि पुढच्याच आठवड्यात बाबा झोपेत गेले. गाडी चढावर धापा टाकायला लागली, मधूनच फाटफाट वाजायला लागली, तरी सुतारकाका कितीतरी दिवस मूग गिळून बसले होते. शेवटी चौकातल्या मिस्त्रीने किक मारली, कान लावला आणि चार माणसांत निकाल दिला: म्हाताऱ्याने चेन एक दात चुकवून बसवली, हातच गेला होता त्याचा. ते बोलणं फिरत फिरत आईच्या कानावर आलं. तेव्हापासून चौकातून जाणं तिने सोडलं. भाजीलासुद्धा मागच्या गल्लीने जायची.

म्हणून लेक रजा वाढवून थांबली होती. शाळेच्या वयात ती बाबांना पाने-पकडी द्यायची, पुढे त्यांच्या शेजारी बसून तिने इंजिनं बांधलीही होती. बाबांच्या या दुकानाला कुलूप घालण्याआधी हे एक इंजिन तिला उघडून बघायचं होतं. दोष दुसराच काही निघावा, एवढंच तिचं मागणं होतं.

चाकांवरच्या खुणा आधी बघायच्या, ही बाबांची शिकवण. तिने त्या बघितल्या नाहीत. आधी टेन्शनर काढला. चेनला मागून दाबून धरणारी ही छोटी दांडी. तिची स्प्रिंग सैल पडली की चेन उडी मारून दात सोडते.

"काका, दाबा बघू."

सुतारकाकांनी अंगठ्याने जोर लावला. त्यांच्या कपाळावर शीर उमटली.

"अगं, अंगठा मोडेल माझा! खणखणीत आहे हा."

तिने तो परत जागेवर बसवला. चेन ज्या पट्टीवरून सरकते ती पट्टी बोटाने चाचपली. गुळगुळीत, कुठे खाच नाही. मग मात्र दुसरं काही बघायचं उरलं नाही. तिने पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. खालच्या चाकावरची रेघ इंजिनावरच्या छोट्या खिडकीतल्या खाचेसमोर आली, की वरच्या दातेरी चाकावरचा ठिपका हेडवरच्या खुणेसमोर यायला हवा.

आला नव्हता. इंजिन बांधताना हेड घासून पातळ करून घेतल्यामुळे ठिपका खुणेवर नेमका बसणार नव्हताच. एका दातावर थोडा अलीकडे, पुढच्या दातावर थोडा पलीकडे. त्यातला जवळचा कोणता, ते नजरेनेच ठरवायचं. बाबांनी लांबचा धरला होता.

"काय गं?" सुतारकाकांनी विचारलं.

"थांबा जरा."

पायांना मुंग्या आल्या होत्या. ती बाबांच्या स्टुलावर टेकली. स्टूल इंजिनाच्या समोर नव्हतं, बरंच उजवीकडे होतं. सकाळीच तिने ते सरळ समोर ओढलं होतं. झाडताना आईने पुन्हा पहिल्या जागी नेऊन ठेवलं होतं.

आई चहा घेऊन आली. सुतारकाकांच्या हातात एक कप दिला आणि दुसरा स्टुलाच्या डावीकडे, ऑइलच्या उलट्या डब्यावर ठेवला.

"तिकडे का गं? माझा उजवा हात इकडे आहे."

"तिकडेच ठेवायचे मी. या बाजूला ठेवला की धक्का लागून सांडायचा. दिसायचाच नाही त्यांना—" आई थांबली. "म्हणजे, लक्ष नसायचं."

आणि पदराला हात पुसत आत निघून गेली.

लेक कपाकडे बघत राहिली. गेल्या खेपेला स्टेशनवर बाबांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. 'तू चालव. मला कंटाळा आलाय.' आपल्याला बढती मिळाली, असं तिला तेव्हा वाटलं होतं. रस्ताभर ती मोठमोठ्याने बोलत होती, आणि ते मागे तिचा खांदा धरून बसले होते.

तिने उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि इंजिनाकडे पाहिलं.

ठिपका सरकला आणि खुणेला जाऊन भिडला. हात काढला, लांब गेला. पुन्हा धरला. अगदी नेमका. बाबांनी लावला असेल तसाच.

"डोळ्यात काही गेलं का?" सुतारकाकांनी विचारलं.

"हो. कचरा."

मग ती भराभर कामाला लागली. टेन्शनर काढला, चेन उचलून एक दात मागे घेतली, तोच टेन्शनर परत बसवला. हाताने इंजिन फिरवून खुणा पुन्हा तपासल्या, उभं राहून, समोरून, दोन्ही डोळ्यांनी. झाकण बसवलं. किक मारताच इंजिन असं सुरू झालं, जसं कधी रुसलंच नव्हतं.

सुतारकाका टेकाडापर्यंत जाऊन आले.

"चढ आला कधी नि गेला कधी, तिला पत्ताच नाही!" गाडीवरून उतरता उतरता ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "काय निघालं गं?"

आई दारात उभी होती. लेक चिंधीने एकेक बोट पुसत राहिली.

"टेन्शनर," ती म्हणाली. "सैल पडला होता. चेनने उडी मारली."

सुतारकाकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यावर टेन्शनरचा गोल वळ अजून तांबडा होता.

"वाटलंच मला!" ते दाराकडे तोंड करून जरा मोठ्यानेच म्हणाले. "मी स्वतः दाबून बघितला ना, वहिनी. लोण्यासारखा आत जात होता. मालच खोटा निघाला, त्याला वस्ताद काय करणार? सांगतोच आता चौकात जाऊन त्या शहाण्याला."

आणि चहा अर्धा टाकून ते गेलेसुद्धा.

आईने त्यांचा कप उचलला. लेकीचा तसाच भरलेला होता.

"निवला," आई म्हणाली. "दुसरा आणते. या बाजूला ठेवू का आता?"

"नको. राहू दे तिकडेच."

आईने मान डोलावली. दुसरा चहा आणून तिने डब्यावर ठेवला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि बाहेर पडली. फाटकाशी जरा थांबली, पदर सारखा केला आणि चौकाकडे वळली.