सरावाचं लग्न

विवाह नोंदणी कचेरीतल्या बाराही संगणकांच्या पोटात डिस्क नव्हती. रोज सकाळी बटण दाबलं की प्रत्येक संगणक तारेवर एकच हाळी देई: "माझ्या कार्डावर अमुक आकडा आहे. मी कोण, आणि मी करायचं काय?" मग मागच्या खोलीतलं जुनं यंत्र खाकरत उठायचं आणि एकेकाला नाव, काम, अक्कल असं सगळं पाठवायचं. संध्याकाळी बटण बंद, अक्कल साफ. वायरमामांना यात काही वावगं वाटत नसे. कचेरीतली माणसंही साधारण याच पद्धतीने चालत.

वायरमामा म्हणजे या तारा तीस वर्षं सांभाळणारे तंत्रज्ञ. आज त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तेही त्यांच्याच कचेरीत. दाखला एकच्या आत हवा होता. एकला निबंधकबाई आठ दिवसांच्या रजेवर निघणार होत्या, आणि चौथ्या दिवशी नवरानवरी परदेशी. दाखल्याशिवाय भाचीला तिकडे पाऊल ठेवता येणार नव्हतं.

साडेबाराला दाखला छापून आला. त्यावर आडवं, ठळक: सराव प्रत.

"मामा, हे काय? माझं लग्न सरावाचं झालं?"

"पहिली दोन-चार वर्षं सगळ्यांचंच तसं असतं, ताई," कारकून म्हणाला.

मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. कालच साहेबांनी प्रशिक्षणाच्या खोलीत एक नवं, तरतरीत यंत्र बसवलं होतं. आणि या संगणकांची रीत अशी की हाकेला जो पहिला ओ देईल तो मायबाप. खरा कोण याची चौकशी नाही. आज जुनं यंत्र खाकरेपर्यंत नव्याने ओ देऊन बाराही जणांना सरावाची अक्कल वाटली होती. उथळ पाण्याला खळखळाट फार.

प्रशिक्षणाच्या खोलीत साहेब पाच नव्या कारकुनांना सांगत होते, "ही यंत्रणा कधी थांबतच नाही."

"जरा हं," म्हणत मामांनी नव्या यंत्राची वायर उपटली. पाचही पडदे थिजले.

"वायरमामा! कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं, त्याचाच तर घोळ झालाय, साहेब."

मामांनी परत येऊन बाईंचा संगणक बंद करून चालू केला. त्याने हाळी दिली. उत्तर नाही. पुन्हा हाळी. बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"देतंय का ओ तुमचं?"

"वय झालंय, बाई. ऐकू येतं, उठायला वेळ लागतो."

तिसऱ्या हाळीला मागच्या खोलीतून खरखर आली. बारा सत्तेचाळीसला संगणक माणसात आला. नावं, तारखा भरल्या. नवरामुलगा पेन घेऊन पुढे सरसावला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मघाची नोंद सरावाची, म्हणजे मघाचा होकारही सरावाचा. पुन्हा विचारावं लागेल."

भाचीने प्रश्न संपायच्या आत "हो" म्हटलं. नवरामुलगा मात्र मघासारखा पटकन बोलला नाही. भाचीने कोपर मारलं.

"हो," तो म्हणाला. "पण या वेळी नीट ऐकून म्हणालो, तेवढं लिहून घ्या."

बाईंनी घेतलं नाही. फॉर्मात तशी जागा नव्हती. बारा अठ्ठावन्नला सही झाली.

त्या सकाळच्या बाकीच्या सात जोडप्यांना दाखले टपालाने जायचे होते. त्यांना बाई रजेवरून आल्यावर पुन्हा होकारासाठी बोलावलं. पाच आली.