बाराशे लिटर समुद्र

टाकीतले जीव शुक्रवारपर्यंत तगले, तर धावजीच्या पदरात मुलीची नोकरी पडणार होती आणि पंजाबरावांच्या पदरात यवतमाळचे व्याही. वर पुसदात समुद्र आणल्याची कीर्ती पंजाबरावांना फुकट. सौदा दोघांनाही परवडणारा होता. फिसकटला असता, तर पंजाबरावांचे मासे गेले असते, इतकंच.

"अबे धावज्या, तो निळा मासा दगडामागं काहून दडला?" रविवारी वास्तुशांतीच्या धुरात डोळे पुसत पंजाबरावांनी विचारलं.

"लाजून राह्यला, साहेब. पाव्हणे पाहून."

बायका हसल्या. धावजी मूळचा बोअरच्या मोटारी बांधणारा, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. पंजाबरावांच्या शेतातली मोटार अकरा वर्षं त्याच्याच हातानं चालली. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये समुद्र ठेवायचं पंजाबरावांनी मनावर घेतलं, तेव्हा नागपूरचा कारागीर काच बसवून गेला तो परत फिरकला नाही. पुढचं सगळं धावजी मोबाइलवर बघून शिकला. शुद्ध पाण्यात पोत्यातलं मीठ कालवायचं. खारटपणा मोजायचा. दगड तीन महिने नुसते मुरू द्यायचे, लोणच्यासारखे. मग थर्माकोलच्या खोक्यांतून आलेले मासे, झिंगे, प्रवाळ थेंबाथेंबानं नव्या पाण्याला सरावायचे. मे महिन्यात पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून त्यानं पिशव्यांत बांधून टाकीत तरंगवला होता.

सात महिन्यांचा मोबदला एकच ठरला होता. पंजाबरावांच्या संस्थेच्या शाळेत त्याच्या उज्ज्वलाला शिक्षिकेची ऑर्डर. नऊ वर्षांपूर्वी डी.एड. झालेली ही पोर झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यांची प्रमाणपत्रं छापत होती.

पूजा आटोपली आणि पंजाबरावांच्या पत्नी विमलताई तांब्याचा कलश घेऊन टाकीजवळ आल्या. पैनगंगेचा पूल लागला की गाडी हळू करायला लावून पैसा टाकणाऱ्या बाई त्या. आता तर पाणी घरातच आलेलं. पदराच्या गाठीत आजेसासूच्या वेळचे तांब्याचे एकवीस पैसे होते.

"ताई, थांबा! तांबं नाई चालत याच्यात. म्या पितळेची चकतीबी लावली नाई. झिंगे मरतात, प्रवाळ मरतात."

"आमचे देव तांब्याच्या ताम्हनात न्हातात, अन तुहे झिंगे मरतात?"

हसण्याची दुसरी लाट आली. ताईंनी कलश ओतला आणि एकेक पैसा सोडला. "पाच दिवस कोणी हात लावायचा नाई. मी रोज मोजीन."

पंजाबरावांनी धावजीला जिन्याखाली नेलं.

"तू म्हणतं ते खरं हाये. मलेबी त्या नागपूरवाल्यानं सांगतलं होतं."

"मंग ताईले सांगा ना."

"पाव्हण्यांसमोर? लक्ष्मी काढून टाक म्हणू? शुक्रवारी पोरीचं साक्षगंध हाये, धावजी. ऑर्डर टाइप झाली, सही ऱ्हायली. गप्प ऱ्हाय."

"अन टाकी?"

"तू कायले हायेस मंग?"

बोललं तर सही जाते. गप्प राहिलं तर टाकी जाते, कदाचित तगतेही. त्या ‘कदाचित’वर धावजीनं मुलगी पणाला लावली.

त्यानं तांबं शोषायला कोळशाच्या पिशव्या घातल्या, मागच्या दारानं पाणी बदललं. सोमवारी काचेवरच्या गोगलगायी गळून पडल्या. मंगळवारी झिंग्यांनी पाय वर केले. बुधवारी प्रवाळ मुठीसारखे मिटले, ते मिटलेलेच. आरती झाली की विमलताई काचेवर बोट ठेवून मोजत, "एकोणीस, वीस, एकवीस." हिशेब रोज बरोबर निघत होता.

गुरुवारी दुपारी घर जेवून लवंडलं, तेव्हा धावजीनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. चार पैसे मुठीत आले होते.

"लक्ष्मी चोरून राह्यला का रे?"

विमलताई दारात होत्या.

"वाचवून राह्यलो, ताई."

"कोणाले? तुह्या पोरीच्या नोकरीले?"

त्यांनी त्याला खिसे उलटे करायला लावले. मग ते चार पैसे स्वतःच्या हातानं परत पाण्यात सोडले.

शुक्रवारी टाकी ताकासारखी झाली होती. यवतमाळचे व्याही आत आले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय झालं हो, पंजाबराव?"

पंजाबरावांना विचार करायला पेढा चावण्याइतकाही वेळ लागला नाही. त्यांनी हनुवटीनं धावजीकडं दाखवलं. "वास्तूचे पैसे काढत होता हा. घरातल्या बाईनं हातोहात धरला. मंग टिकन काय?"

"गडीमाणसाचं असंच असते," व्याही खुलले. त्यांच्याही घरी असाच एक होता, त्याची गोष्ट निघाली, आणि दोन्ही घरं एकमेकांना एकदम आवडली. बोलता बोलता व्याह्यांच्या पुतणसुनेचाही विषय निघाला. ती पण डी.एड. होती. पंजाबरावांनी तिथूनच शाळेच्या बाबूला फोन लावला. "ऑर्डरवरचं नाव बदलाचं हाये. लिहून घे."

ऑर्डर घ्यायला आलेली उज्ज्वला इस्त्रीच्या साडीत दाराशीच उभी होती.

"साहेब, तुमाले तर माहीत होतं," ती म्हणाली.

पंजाबरावांनी गड्याला हाक मारून टाकीतलं सगळं मेलेलं एका पिशवीत भरायला लावलं, आणि ती पिशवी तिच्या हातात दिली.

"घेऊन जाय, बाई. तुमच्यात चालतात ना झिंगे? कालवण करा मस्त."

या वेळी हसण्यात पाहुणेही होते.

पंजाबरावांना व्याही मिळाले. व्याह्यांच्या पुतणसुनेला शाळा मिळाली. विमलताईंचे एकवीस पैसे चिंचेनं घासून देव्हाऱ्यात गेले, एकही कमी नाही. धावजीच्या उजव्या हाताची कातडी मिठानं सोलली होती, म्हणून स्टँडवर त्याला खिशात हात घालता येईना.

"पिशवी गळून राह्यली," जीपवाला म्हणाला. "टपावर ठेवा. दोन शिटा का?"

"दोन," उज्ज्वला म्हणाली, आणि दोघांचं भाडं तिनं दिलं.