वडनेरचा एसी आणि जामचे पाहुणे

गुंजनला पाहायला जामचे पाहुणे आले तो मे महिन्यातला दुसरा रविवार होता. गुंजन सव्वीस वर्षांची. हिंगणघाटच्या एका पॅथॉलॉजीत चार वर्षांपासून रक्त काढायचं आणि तपासायचं काम करायची, रोज वडनेरहून बसने जाऊन-येऊन. आधी तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनीही चहा संपायच्या आत एकच गोष्ट विचारली होती, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? तिन्ही वेळा गुंजनने कपबशा उचलल्या आणि आत जाऊन आईला "नाई" सांगून टाकलं. म्हणून या वेळी तिची आई कोकिळा सकाळपासून नवऱ्याला, किसनरावांना, बजावत होती.

"अवो, तुमी जास्त बोलू नका. पाहुन्यायले बोलू द्या."

किसनरावांना बोलायचं नव्हतंच. त्यांना एसी दाखवायचा होता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तो मधल्या खोलीत बसवला होता. दुपारचं जेवण झालं की ते एकटेच त्या खोलीत दार लावून झोपायचे आणि संध्याकाळी बाहेर येऊन शेजाऱ्यांना सांगायचे, "आज मले चादर घ्या लागली." हिवाळ्यात त्याच खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत भरला होता. कापूस विकला गेला, खोली झाडली, भिंतीला रंग लागला. एसीकडे मात्र कुणी वर मान करून पाहिलं नाही. पाहुणे यायचे म्हणून किसनरावांनी पहाटे पाचलाच तो अठरावर लावून ठेवला होता.

अकराला पाहुणे आले. मुलगा पियुष, त्याचे वडील मधुकरराव आणि आई देवकाबाई. जामच्या चौकात हायवेला लागून त्यांचं जेवणाचं हॉटेल होतं आणि वर आठ खोल्यांचा लॉज. मधुकरराव पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, कमी बोलणारे. देवकाबाई ठेंगण्या, दणकट, आल्या आल्या सगळ्या खोलीवरून नजर फिरवणाऱ्या. बाहेर ऊन असं होतं की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गोठ्याच्या सावलीत चोची उघड्या टाकून बसल्या होत्या.

"इथं बसा, इथं," म्हणत किसनरावांनी मधुकररावांना बरोब्बर एसीखालच्या खुर्चीत बसवलं. "हवा डायरेक्ट लागते."

हवा काही फारशी लागत नव्हती. मधुकरराव रुमालाने मान पुसत राहिले. गुंजन आलूपोह्यांचा ट्रे घेऊन आली, पहिली बशी तिने त्यांच्या हातात दिली, आणि त्याच क्षणी त्या बशीत वरून टप्प करून एक थेंब पडला. मधुकररावांनी वर पाहिलं. दुसरा थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. मग थेंबांची धार झाली आणि शुभ्र सदऱ्याचा खांदा ओला होऊन अंगाला चिकटला.

"अरे बाप्पा!" कोकिळा टॉवेल आणायला धावली. किसनरावांनी रिमोटची सगळी बटणं एकामागून एक दाबली, मग रिमोट तळहातावर आपटला. तेवढ्याने भागेना तेव्हा त्यांनी हिंगणघाटच्या मेकॅनिकला, भूपेंद्रला फोन लावला. भूपेंद्र म्हणाला, "काका, मी चौथ्या घरी हावो. आज काई जमत नाई, उद्या येतो." किसनरावांचा चेहरा पडला. तीन स्थळं हातची गेली होती, त्यात हे.

मधुकरराव मात्र टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "राहू द्या हो. उन्हाळ्यात एवढं थंड पानी कोन टाकते अंगावर?"

पियुषने कुणाला न विचारता कोपऱ्यातला पोछा उचलला होता आणि तो फरशीवरचं पाणी टिपत होता. पिळायला बादली कुठे आहे, एवढंच त्याने गुंजनला विचारलं. गुंजनने बादली दिली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

देवकाबाई उठून एसीखाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कान लावला, हात वर करून हवा पाहिली.

"किसनभाऊ, याची जाळी कधी धुतली होती?"

"जाळी?" किसनराव म्हणाले. "याच्यात जाळी असते?"

देवकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर कमरेला खोचला. "बोर्डावरचा खटका खाली करा पहिले. नुसत्या रिमोटनं नाई. आन स्टूल आना कोनी."

"ताई, तुमी पाहुन्या!" कोकिळा म्हणाली. "तुमी काऊन चढता वर?"

"आठ खोल्यायचे आठ एसी मीच पाहतो, बाई. हा नववा."

तिकडच्या बायका अशाच बोलतात, बाईमाणूस असून "पाहतो", "करतो". स्टूल आलं, पण त्यांचा हात पुरेना. गुंजनने चपला काढल्या, साडी सावरली आणि ती स्टूलवर चढली.

"दोन्ही बाजूनं धर आन वर उचल झाकन. हं. आता जाळी खालून थोडी दाबजो, सुटते."

जाळी सुटली. तिच्यावर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा राखाडी थर बसला होता, जाड, एकसंध, घोंगडीच्या तुकड्यासारखा. गुंजनने आत डोकावलं. जाळीमागच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्यांवर पांढराफेक बर्फ चढलेला.

"काकू, इथं तं बर्फ हाये!"

"असनारच. जाळीतून हवाच जात नाई तं थंडपना जाईल कुठं? तिथंच गोठते. मग खोली गरम आन यंत्राले हुडहुडी." देवकाबाईंनी जाळी उजेडाकडे धरून पाहिली, आरपार काही दिसत नव्हतं. "आता बर्फ वितळू द्या. कोनी चमच्या-सुरीनं खरवडू नका, पट्ट्या लय नाजूक असतात."

किसनराव खरोखरच स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आले होते. ते तसेच परत गेले.

गुंजनने शेजारची दुसरी जाळीही काढली आणि कोकिळाने दोन्ही जाळ्या मोरीत नेल्या. साध्या पाण्याने, मागच्या बाजूने धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या, असं देवकाबाईंनी सांगितलं होतं. इकडे बर्फ वितळू लागला तशी धार वाढली. पियुषची बादली दोनदा भरली.

"पन हे पानी खोलीत काऊन येऊन राह्यलं?" गुंजनने विचारलं. "याले बाहेर जायचा रस्ता असंल ना?"

देवकाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "बरोबर बोलली. चाल, रस्ता पाहू."

त्या दोघी भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन घरामागे गेल्या. एसीची पाण्याची नळी भिंतीवरून खाली आली होती आणि गोठ्याजवळ जमिनीपासून वीतभर वर संपत होती. तिचं तोंड मातीने लिंपलेलं होतं, अगदी गुळगुळीत.

"कुंभारीन!" देवकाबाई म्हणाल्या. "या माशीनं नळीत घर बांधलं पाहा. उडून गेली केव्हाच, घर ठेवून गेली."

त्यांनी काडीने पुढची माती फोडली. थोडी पडली, पण पाणी आलं नाही. गुंजन वाकून फुंकायला गेली तेव्हा देवकाबाईंनी तिचा दंड धरला.

"फुंकू नको, पोरी. माती आनखी वर जाऊन बसंल. ओढून घ्या लागते."

गुंजन धावतच गोठ्यात गेली. वासराला औषध पाजायची मोठी सिरिंज तिथे खिळ्याला टांगलेली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिने सिरिंजचं तोंड नळीला घट्ट जोडलं, आणि रोज चाळीस-पन्नास माणसांचं रक्त काढणाऱ्या सवयीच्या हाताने दट्ट्या हळूहळू मागे ओढायला सुरुवात केली.

"एकदम नाई ओढत?" देवकाबाईंनी विचारलं.

"एकदम ओढलं तं शीर बसते, काकू. दमानंच."

"आन एखाद्याची शीर सापडतच नाई तेव्हा?"

"तेव्हा त्याच्याशी बोलत बसतो. गावाकडचं, पोराबाळायचं. मानूस ढिला पडला का शीर वर येते."

देवकाबाई ऐकत राहिल्या. मग त्या विचारत सुटल्या. लहान लेकराचं रक्त कसं काढतात, काचेखाली काय दिसतं, चुकीचा रिपोर्ट गेला तर कोण जबाबदार. गुंजन सांगत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की आजवर आलेल्या कुठल्याच पाहुण्याने तिच्या कामाबद्दल एवढं विचारलं नव्हतं.

"तुमी एसीचं कुठं शिकल्या?" तिने विचारलं.

"लॉज काढला त्या वर्षी एक बाई उतरली होती, ओली बाळंतीन. नागपूरहून माहेरी चालली होती, गाडी बिघडली. दुपारी एसी बंद पडला आन मेकॅनिक येईना. लेकरू रडून रडून लाल झालं. मी सायंकाळपर्यंत नुसता पंखा हलवत बसलो तिच्याजवळ. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला तं त्याच्या मागं मागं फिरलो. तो म्हने, बाई, तुमी काऊन पाहता? म्हनलं, तू येशीन तेव्हा येशीन, मले आत्ता लागते."

तेवढ्यात दट्ट्या हलका झाला. नळीतून एक गुरगुर ऐकू आली, सिरिंज सुटली, आणि चिखलाचा गोळा बाहेर पडून मागोमाग गार पाण्याची धार दोघींच्या साड्यांवर उडाली. गुंजन किंचाळली. देवकाबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. आवाज ऐकून सगळं घर मागच्या दारात जमा झालं, आणि गुडघ्यापर्यंत चिखल उडालेली नवरी मुलगी पाहून कोकिळाने कपाळावर हात मारला. पण तीही हसत होती.

देवकाबाईंची नजर आता बाहेरच्या युनिटवर गेली. त्याच्यासमोर चुलीसाठी ठेवलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग रचलेला होता.

"हे कोनी केलं?"

"मी," कोकिळा बारीक आवाजात म्हणाली. "ते डबडं चांगलं दिसत नव्हतं. म्हनून झाकलं."

"याच्यातून घरातली गरमी बाहेर पडते, बाई. समोर मोकळं लागते. दुपार झाली असती तं हे बंदच पडलं असतं."

मग किसनराव, मधुकरराव आणि पियुष तिघांनी मिळून पऱ्हाट्या उचलल्या. मधुकररावांनी सदरा केव्हाच काढून वाळत घातला होता, ते बनियनवर होते. पियुषने पाइपच्या हलक्या धारेने युनिटच्या जाळीतली धूळ धुतली. आई मागून सांगत होती, "जोरात नको, पट्ट्या वाकतीन," आणि तो म्हणत होता, "माहीत हाये, आई."

दीड वाजता वाळलेल्या जाळ्या बसवल्या. किसनरावांनी खटका वर केला. देवकाबाईंनी रिमोट घेऊन सव्वीस केलं.

"अठरा नको का?" किसनराव म्हणाले.

"अठरानं लवकर थंड होत नाई, भाऊ. नुसतं जास्त वेळ चालत राह्यते. सव्वीस आन वर पंखा. पाहा."

सगळे वर तोंड करून उभे राहिले. पाच मिनिटांत हवा आली, गार, भरपूर, कोपऱ्यातल्या कॅलेंडरची पानं हलवणारी. किसनरावांनी टाळ्या वाजवल्या. मागे जाऊन पाहिलं तर नळीतून थेंब थेंब पाणी बाहेर पडत होतं, आणि कोंबड्या तिथे प्यायला आल्या होत्या.

जेवणं झाली. आमरस आणि काडीवर वळून उकडलेले कणकेचे सरगुंडे सगळ्यांनी दोनदा घेतले. पाहुणे दोनला निघणार होते, पण जेवण जड झालेलं आणि खोली थंडगार. आधी मधुकरराव लवंडले, मग किसनराव, मग बोलता बोलता कोकिळा आणि देवकाबाईही चटईवर आडव्या झाल्या. जागे राहिले ते दोघंच. ते स्वयंपाकघरात आमरसाचं उरलेलं पातेलं मध्ये ठेवून बसले.

"तुमाले पन येते का एसीचं?" गुंजनने विचारलं.

"जाळी धुन्यापर्यंत येते. पुढचं आई हात लावू देत नाई," पियुष म्हणाला. मग थोडा अडखळत, "मले वाटे, तुमी लय कडक असान. तीन जनायले नाई म्हनलं, असं ऐकलं होतं."

"ते नोकरी सोड म्हनत होते."

"हिंगणघाटची बस जामहूनही जाते," पियुष म्हणाला. "सकाळी पावनेआठले. आमच्या हॉटेलसमोरच थांबते."

गुंजनने पातेल्यातला शेवटचा आमरस दोन वाट्यांमध्ये सारखा ओतला आणि एक वाटी त्याच्यापुढे सरकवली.

साडेचारला देवकाबाई डोळे चोळत आत आल्या. गुंजन ओट्याजवळ चहाचं आधण ठेवत होती. तिने वळून सरळच सांगितलं, "काकू, माझ्याकडून हो हाये."

देवकाबाईंनी तिला जवळ ओढलं. चिखलाच्या साडीसकट. "आन मी तं तुले कसं इचारावं, याचाच इचार करत झोपलो!"

कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं. किसनराव अजून घोरत होते, त्यांना हलवून उठवावं लागलं. ते उठले, ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि अंगावरची चादर तशीच खांद्यावर घेऊन सगळ्यांना साखर वाटत घरभर फिरले.