गसचा कान

आमचा कोच गस ब्रँडली स्वतः अमेरिकन फुटबॉल खेळायचा तेव्हा त्याचं नाक तीनदा मोडलं, आणि डावा कान सुजून भिजलेल्या पावासारखा झाला तो कायमचा. त्या काळी चामड्याची टोपी घालून मैदानात उतरणाऱ्याला आमच्या ओहायोतले लोक नाजूक म्हणत. गस अकरा वर्षं बोडक्या डोक्याने गावासाठी खेळला, आणि दर सोमवारी सकाळी काचेच्या भट्टीवर हजर. गुडघा कामातून गेला तेव्हा कोच झाला. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

तेव्हाचा एक नियम फार जाचक होता. सामना चालू असताना कोचने बाकावरून आम्हाला काही सांगायचं नाही. शब्द नाही, खूण नाही. सापडला तर संघ पंधरा यार्ड मागे. बाकीचे कोच रुमाल झटकायचे, टोप्या काढायचे. गस मात्र हातांवर बसायचा.

"आठवडाभर मीच बोंबलतो ना? रविवारी तुम्ही बोला," म्हणायचा.

एकोणीसशे चोवीस सालचा शेवटचा सामना पाइनफर्ड गावाच्या संघाशी होता. सामन्याआधी काचकारखान्याचे आणि संघाचेही मालक हॅलोरनसाहेब आम्हा सगळ्यांदेखत गसला म्हणाले, "आज हरलास तर पुढच्या वर्षी कॉलेजात शिकलेला कोच आणतो."

"आणा की! त्याला माझी भट्टीपण द्या," गस म्हणाला.

आम्ही हसलो. पण हा खेळ काढून घेतला तर गसकडे काय उरणार होतं?

तिसऱ्या सत्रात आम्ही सहा-तीनने मागे होतो. थंडी मरणाची. गसचा तो कान थंडीत खाजतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्याने हात काढून कान खाजवला आणि रेफ्रीची शिट्टी वाजली.

"खूण केलीस!"

"अहो, खूण कसली? कान खाजला!"

"पंधरा यार्ड!"

गावाने रेफ्रीच्या सात पिढ्या काढल्या. गस उठला, बाक उचलून उलटा ठेवला आणि मैदानाकडे पाठ करून बसला.

"अरे गाढवा, सामना तरी बघ!" हॅलोरन ओरडले.

"ऐकू येतो," गस म्हणाला.

शेवटी पाइनफर्डची रेषा चार यार्डांवर आली. चेंडू रेषेपार नेला की सहा गुण, पण संधी एकच, आणि खेळी ठरवायची मी. सवयीने मी बाकाकडे पाहिलं. गस कधीच खूण करायचा नाही, पण त्याचा चेहरा दिसला की माझा जीव थाऱ्यावर यायचा. आज दिसली फक्त पाठ, आणि कोटाची उसवलेली शिवण. मला त्याचा असा राग आला!

आठवडाभर त्याने आमच्याकडून उजवीकडची धडक घोटून घेतली होती. आमचे दांडगे गडी तिकडेच. पण पाइनफर्डवाल्यांनीही तिकडेच गर्दी केली होती. डावीकडे त्यांचा एकच गडी, आणि तोही मघापासून एका पायावर भार देऊन उभा होता. बाकावर तोंड दिसेना, म्हणून मी समोर पाहत होतो, म्हणून ते मला दिसलं.

मी डावीकडची खेळी पुकारली. चेंडू पोटाशी धरून चिखलात तोंडावर आपटलो. मान वर केली तेव्हा रेषा माझ्या मागे होती. नऊ-सहा!

लोक मैदानात घुसले. हॅलोरनसाहेब टोपी उडवत सगळ्यांना सांगत सुटले, "माझा कोच! माझा कोच!" गस तसाच पाठमोरा. मी वळसा घालून त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हाताऱ्याचे डोळे डबडबले होते.

"कुठून गेलास, टिबर?"

"डावीकडून."

"मी तर उजवीकडूनच सांगितलं असतं."

"मग हरलो असतो, गस. तिकडे भिंत होती नुसती. तुझं तोंड दिसेना, म्हणून समोर पाहिलं, तेव्हा कळलं."

त्याने हात कानाकडे नेला आणि मनसोक्त खाजवून घेतलं.

"बरं झालं लेका," तो म्हणाला, "कान खाजला."