मधल्या खोलीतली मोकळी फळी

माझ्या अंगावरचे पाचही दिवे विझून आता काही महिने झाले. तरीही हे बोलणे माझेच आहे. मी कसबा बावड्यातल्या एका घराचा राउटर.

त्या घरात कोणी मला ‘डबा’ म्हणत, कोणी ‘वायफाय’. दोन्ही शब्द नेमके नव्हेत. डबा काहीतरी साठवतो. मी काहीच साठवत नाही. वायफाय हे लहरींचे नाव. मी त्या लहरी सोडणारा. मला स्वतःला ‘वाटाड्या’ हा शब्द जवळचा वाटतो. इकडून आलेला शब्द तिकडे सुखरूप नेऊन पोचवणे, एवढेच माझे काम. असंख्य शब्द मी पोचवले. एक वाक्य मात्र माझ्या हातून अर्ध्यावर सांडले. त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. त्या जन्माची मला आठवण नाही. एकाच दिवशी जन्मलेल्या हजारो भावंडांतून स्वतःची आठवण वेगळी काढता येत नाही. माझी आठवण सुरू होते ती २००८ सालच्या पावसाळ्यात, राजारामपुरीतल्या एका दुकानात. फौंड्रीच्या कचेरीत नकाशे काढणारा प्रसेनजीत मला विकत घ्यायला आला होता.

“पावणं, खोल्या किती?” दुकानदाराने विचारले.

“तीन. एकामागं एक.”

“तीनच? आवो, गल्लीभर पुरंल ह्यो. ठिवा कुठंबी!”

‘कुठंबी’ या शब्दाने आमचे पुढचे चार महिने खाल्ले.

घर विटांचे, जाड भिंतींचे. पुढची खोली, मधली खोली, मागची खोली. मागच्या खोलीत खिडकीशी, उसाच्या रानाकडे तोंड करून बाबासो बसत. प्रसेनजीतचे हे वडील साखर कारखान्यात तीस वर्षे पॅनमन होते: उकळत्या रसाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन, दाणा नेमका केव्हा धरतो आहे ते सांगणारे कारागीर. निवृत्तीनंतर गुडघे धरले आणि त्यांचा वावर त्या एका खोलीपुरता उरला. त्यांच्या पत्नी मीनाबाई घरभर असत. थोरली मुलगी रूपाली घरात नव्हती. ती आयर्लंडात होती, आणि बाबासो तिच्याशी दोन वर्षे बोलले नव्हते.

कारण असे. वस्तीतल्या बुद्धविहारात बाबासोंनी सर्वांसमक्ष शब्द दिला होता, की पुण्याचे शिक्षण संपले की माझी मुलगी इथे येऊन मुलींची संध्याकाळची अभ्यासिका चालवील. बाके करून झाली होती, फळा रंगवून झाला होता. रूपालीला हे कोणी विचारले नव्हते. तिला परदेशातली नोकरी मिळाली आणि ती निघाली, तेव्हा बाबासो दारात उभे राहून म्हणाले, “जा की. ह्या घरात एक पोरगी हुती, आसं सांगीन मी लोकास्नी.”

हे वाक्य मी स्वतः ऐकलेले नाही. मीनाबाई शेजारच्या चिमणाबाईंना सांगत असताना ऐकले; आणि सांगतानाही त्यांनी आवाज खाली घेतला होता.

रूपाली दर रविवारी दुपारी चार वाजता संगणकावर येई. फोनच्या तारेला जोडलेला संगणक पुढच्या खोलीत होता. आई आणि भाऊ तिच्याशी बोलत. बाबासो पुढे येत नसत. “तिला बोलायचं आसंल तर माझ्यापातूर यील,” एवढेच म्हणत. म्हणून प्रसेनजीतने एक जुना लॅपटॉप मिळवला आणि मला आणले. मुले बाबासोंना आप्पा म्हणत. आप्पा तिच्याकडे जात नाहीत, तर तिलाच आप्पांच्या खोलीत न्यायचे. माझ्या खरेदीमागे दुसरा हेतू नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी समजले, आणि समजल्याचा अभिमानही वाटला.

पहिले स्थान मला मिळाले ते शोकेसमध्ये. आल्यागेल्याला दिसावे, हा मीनाबाईंचा आग्रह. मागे आरसा, डावीकडे प्रसेनजीतच्या कबड्डीच्या ढाली, उजवीकडे स्टीलच्या पेल्यांची उतरंड, पुढे काचेचे दार. शिवाय धूळ बसू नये म्हणून अंगावर क्रोशाचे विणलेले झाकण. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि एवढा निरुपयोगीही मी पुन्हा कधी झालो नाही. माझ्या लहरी आरशावर आणि ढालींवर आपटून माझ्याकडेच परत येत. मागच्या खोलीत लॅपटॉप नेला की त्याच्या पडद्यावर एक केविलवाणी रेघ उरे.

पुढच्या रविवारी मी फ्रिजवर होतो. त्याच्या पुढच्या रविवारी खिडकीत. तिथून मात्र माझ्या लहरी थेट बाहेर पडल्या. प्रसेनजीत लॅपटॉप छातीशी धरून अंगणात फिरला आणि चिमणाबाईंच्या गोठ्यात जाऊन ओरडला, “आई, हितं फुल्ल हाय की!”

चिमणाबाई धार काढत होत्या. त्या म्हणाल्या, “बाबा, म्हशीला इंग्लिश याया लागलं तर दूध डेरीत कोण घील रं?”

मीनाबाई हसल्या. मागच्या खोलीतून बाबासोंचा आवाज आला, “काय चाललंय?” त्या आवाजात राग नव्हता. घरातल्या सर्वांना ते कळत होते. दर रविवारी बाबासो दुपारीच दाढी करत, इस्त्रीचा सदरा घालत आणि खिडकीकडे तोंड करून बसत. उसाकडे पाहायला दाढी लागत नाही.

आता मला जी गोष्ट ठाऊक होती आणि सांगता येत नव्हती, ती सांगतो. माझी योग्य जागा मधल्या खोलीत होती. मागच्या खोलीच्या दारावर, पुरुषभर उंचीच्याही वर, भिंतीत एक लाकडी फळी बसवलेली होती. घराचा तो मध्य. वर मोकळे, खाली मोकळे, आसपास धातू नाही. फळीखाली विजेचे बटणही होते. त्या फळीवर पूर्वी रूपालीचे पदवी घेतानाचे छायाचित्र असे आणि त्याच्यावर एक लहानसा विजेचा दिवा जळे. ती गेली त्या दिवशी बाबासोंनी ते छायाचित्र खाली काढले. तेव्हापासून फळी रिकामी होती. कोणी तिच्यावर साधी काडेपेटीही ठेवत नसे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी प्रसेनजीतने कंटाळून मला हातातच घेतले आणि तार ताणत ताणत मधल्या खोलीत आणले. त्याच दारापाशी येऊन त्याने हात उंच केला. मी फळीच्या वीतभर खाली होतो.

मागच्या खोलीत लॅपटॉप बोलू लागला.

“हॅलो? आई? आप्पा... आप्पा, दिसालाय मला तुम्ही!”

बाबासो खिडकीकडून वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा बापलेकींनी एकमेकांना पाहिले.

“वाळलीस,” बाबासो म्हणाले.

“थंडी लई हाय हो हितं.”

“मग कानाला बांध की काय तरी.”

दारात मीनाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हळूच प्रसेनजीतला म्हणाल्या, “हात दुकंल तुजा. ठीव फळीवर. मोकळीच हाय.”

“मोकळी न्हाय ती, आई,” प्रसेनजीत तितक्याच हळू बोलला. “त्येंनी मोकळी ठिवलीया. आत्ता कुठं बोलाय लागल्यात, मी कशाला हात लावू?”

ही त्या घराची रीत होती. बाबासोंच्या रागालाही तिथे जागा राखून ठेवलेली असे, आणि त्या जागेवर दुसरे काही ठेवणे हा त्यांचा अवमान ठरे. मला ती रीत चुकीची वाटत नाही; तिच्यात प्रेमच होते. पण तिच्यामुळे प्रसेनजीतने मला खाली घेतले आणि भिंतीकडेच्या धान्याच्या पिंपावर ठेवले. पिंपाला लागूनच लोखंडी कपाट होते. लहरी क्षीण झाल्या, तरी वाट तुटली नव्हती. मी माझे सर्व बळ लावले होते.

आणि तेव्हाच बाबासो बोलू लागले. पुढे वाकून, आवाज सांभाळत.

“रूपा, तवा दारात मी जे बोललो, त्ये...”

त्याच क्षणी मीनाबाईंनी लोखंडी कपाट उघडले. बाबासोंनी आपल्या सदऱ्यांच्या घडीखाली रूपालीचे छायाचित्र जपून ठेवले आहे, हे त्यांना केव्हाचे माहीत होते. आज ते लेकीला दाखवावे, अशी ऊर्मी त्यांच्या मनात उठली. कपाटाचे दार सताड उघडले आणि माझ्या व मागच्या खोलीच्या मध्ये लोखंडाची भिंत उभी राहिली.

वाट तुटली.

कपाटाचे ते दार कारणीभूत होते, हे आजवर कोणालाच ठाऊक नाही. मीनाबाईंनाही नाही. ते कधी कळू नये, असेच मला वाटते.

बाबासो काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. “ठिवला तिनं.”

“आप्पा, रेंज गेली. लाईन तुटली.”

“मला शिकवू नगंस. ऐकायचं नव्हतं तिला. बराबर हाय तिचं.”

मीनाबाईंनी हातातले छायाचित्र पुन्हा घडीखाली सरकवले.

रात्री प्रसेनजीतने पुढच्या खोलीतून बहिणीला गाठले. तिचे उत्तर माझ्यातूनच आले, म्हणून मला शब्दशः आठवते. “प्रसेन, मी बघितलंय. चित्र थांबलं तवा आप्पांचा हात वर हुता. पुरे म्हणून. त्यांना नगं असताना का बसवतोस त्यांना?”

हात वर होता, हे खरे. पडद्यावरच्या लेकीच्या गालाला लावायला तो उचललेला होता. पण माझ्यातून गेले ते चित्र हात उचललेला असतानाचे. हात गालापर्यंत पोचल्याचे चित्र मी नेऊ शकलो नाही.

पुढचे अकरा रविवार मागच्या खोलीत लॅपटॉप नेला गेला नाही. बाबासो दाढी मात्र करत.

बाराव्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी घरात कोणी नसताना, बाबासो मधल्या खोलीत आले. एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हाताने स्टूल ओढत. त्या गुडघ्यांनी ते स्टुलावर कसे चढले, हे मी पाहिले. पण सांगायला बसलो तर मला शब्द पुरणार नाहीत. त्यांनी बोटाने फळीवरची धूळ पुसली, मला पिंपावरून उचलले आणि तिथे ठेवले. तार खिळ्याला नीट गुंडाळली. बटण दाबले. माझे पाचही दिवे स्थिर लागले. लहरी तिन्ही खोल्यांत पाण्यासारख्या पसरल्या.

मीनाबाई परत आल्या, वर पाहिले आणि उंबऱ्यातच बसल्या. मग त्यांनी लेकीला फोन लावला. “आगं, तुज्या आप्पांनी ते यंत्र फळीवर ठिवलंय. व्हय, त्या फळीवर. सोताच्या हातानं.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता रूपाली आली. थेट मागच्या खोलीत.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. चित्र कधी थांबले नाही, आवाज कधी फाटला नाही. बापलेक बोलत: तिथला पाऊस, इथला पाऊस, कारखान्याचा हंगाम कधी संपला, गुडघ्याला कोणते तेल लावले, चिमणाबाईंच्या म्हशीला रेडकू झाले. मी सगळे पोचवत होतो आणि प्रत्येक रविवारी थांबत होतो, की आज ते वाक्य पुढे जाईल. ‘तवा दारात मी जे बोललो, त्ये...’ याच्या पुढचे. बाबासोंच्या लेखी बहुधा फळीनेच ते सांगून टाकले होते.

रूपालीच्या लेखी तसे नसावे. मे महिन्यात एकदा, बोलणे संपत आले असता, तिने विचारले.

“आप्पा, त्या दिवशी लाईन तुटली तवा तुम्ही काय सांगालता?”

बाबासोंनी खिडकीबाहेर पाहिले. माझे पाचही दिवे स्थिर होते. कपाट बंद होते. मध्ये काहीही नव्हते.

“कवा? त्ये व्हय... काय न्हाय गं. ऊसतोडीचं सांगालतो.”

रूपाली दोन क्षण गप्प राहिली. ते दोन्ही क्षण मी अखंड पोचवले.

“बरं,” ती म्हणाली.

जूनच्या सुरुवातीला एका वळवाच्या वेळी फोनच्या तारेवर वीज उतरली आणि मी आतून जळालो. फळीवर आता नवा राउटर आहे. त्याच्या लहरी माझ्यापेक्षा लांब जातात म्हणे. मी शोकेसच्या खालच्या खणात जुन्या तारांच्या गुंत्यात पडून असतो. रविवारी चारला मागच्या खोलीतली खुर्ची सरकल्याचे ऐकू येते. मग पाऊस, मग गुडघे, मग म्हैस. त्या अपुऱ्या वाक्याचा उरलेला भाग एखाद्या रविवारी नव्याच्या वाटेने गेला, तर मला त्याचा हेवा वाटणार नाही.

तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला उंचावर ठेवा, उघड्यावर ठेवा, लोखंडापासून दूर ठेवा. एवढे केलेत की त्याचे काम संपले. पुढचे वाक्य तुम्हालाच पुरे करायचे आहे.