आभार मानून झाल्यावर

मूर्तिजापूरच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना केली, की तो बरा झालाच असं समजून देवाचे आभारही तिथल्या तिथं मानून टाकायचे. आणि एकदा आभार मानले की भ्यायचं नाही. जो भ्याला, त्याचा विश्वास कच्चा. आता सांगा, काळीज काय कुणाला विचारून धडधडतं?

गजेंद्र मोटारसायकलवरून पडला आणि डोक्यात रक्त साकळलं. अकोल्याच्या दवाखान्यात त्याला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा डॉक्टर त्याच्या बायकोला, जयवंताला, एवढंच म्हणाले, "बघू."

मूर्तिजापूरहून पाळकसाहेब आले, मंडळीतले वडीलधारे बापूसाहेब आले, बायका आल्या. बाहेरच्या बाकड्याभोवती गाणं झालं, प्रार्थना झाली. बापूसाहेबांनी असे दणदणीत आभार मानले, की शेजारच्या वॉर्डातली माणसं डोकावून गेली. "जयवंता, आता भ्यायचं काम नाही," असं बजावून सगळे दुपारच्या गाडीनं परत गेले.

मागं राहिली एक जमुनामावशी. प्रार्थनासभेत पाळी आली की नुसतं "आमेन" म्हणून खाली बसणारी बाई! देवा, ठेवायची तर हीच सापडली का तुला, असं जयवंताच्या मनात आलं.

दार मधूनच उघडायचं, नर्स पळत बाहेर यायची, पळत आत जायची. दर वेळी जयवंता अर्धी उठून पुन्हा बसायची. एकदा नर्स रक्ताची पिशवी घेऊन गेली, तशी जयवंता मावशीवर खेकसलीच.

"अशा गुमान काहून बसल्या, मावशी? प्रार्थना तरी करा ना!"

"मले नाही येत व, बाई."

"मंग थांबल्या कायले?"

"तू एकटी राहिली असती ना, माय."

जयवंताचा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. "मावशी, मले लय भेव लागून राहिलं. बापूसाहेबायनं आभार मानले, अन् मी भेलीच. माह्या भेवानं त्यायले काही होनार तं नाही ना?"

सकाळपासून तिच्या छातीवर हाच धोंडा होता. नवरा जाईल ही भीती एक, आणि तो आपल्या भीतीपायी जाईल ही त्याहून मोठी. कुणाला बोलायची तर सोय नव्हती.

मावशी "भिऊ नको" म्हणाली नाही. "मलेबी भेव लागलं," ती म्हणाली. "अन् येशूले नव्हतं लागलं काय, धरून नेलं त्या राती? घामाघूम झालं होतं लेकरू. सोबत्यायले म्हने, बसा जराशीक माह्यासंग. अन् ते मेले झोपले!"

रडता रडता जयवंताला हसू आलं, मग पुन्हा रडू. मावशीनं तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? पण तिला आता नीट श्वास घेता येत होता.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. "गजेंद्रचं कोण आहे?"

मावशीनं जयवंताला काखेत हात घालून उभं केलं.

"जीव वाचलाय. पण शुद्ध कधी येईल, येईल की नाही, आज सांगता येत नाही. एकालाच आत जाता येईल."

आत गजेंद्र नळ्यांमध्ये पडला होता. डोकं पट्ट्यांनी बांधलेलं, तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. जयवंताला एकदम पळून जावंसं वाटलं. आभाराचा एक शब्द ओठांवर येईना.

तिनं स्टूल ओढलं, त्याच्या उशाशी बसली, आणि कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आयका ना. मले लय भेव लागून राहिलं. पन मी इथंच हावो."